पुढचा रोटर माझा

नव्यानं बांधलेलं इंजिन दाब धरत नव्हतं. हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, बरं झालं. चूक तिचीच निघणार.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. मी ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो. युनिव्हर्सिटीच्या एका जुन्या शेडमध्ये आम्हा विद्यार्थ्यांचं गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं आणि त्याचा कारभार एका म्हाताऱ्या मायस्टरकडे होता. मायस्टर म्हणजे रीतसर परीक्षा देऊन झालेला उस्ताद. त्याच्यापुढे आमचे प्रोफेसरही जरा जपून बोलायचे. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता आणि जाताना वर्कशॉपची किल्ली आमच्यापैकी एकाच्या हातात देणार होता. तीन वर्षं दर शनिवारी मी तिथे राबलो होतो, झाडूसुद्धा मारला होता. किल्ली आपलीच, असे मनातले मांडे मी केव्हाच खाल्ले होते.

मग ऑक्टोबरात ती आली. मास्टर्सला आलेली कोल्हापूरची मुलगी, वडिलांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप. पहिल्याच दिवशी मला 'दादा' म्हणाली आणि मला तेही आवडलं नाही. मायस्टरच्या टेबलाला एक खालचा खण होता, त्यात त्याची स्वतःची हत्यारं असायची. तीन वर्षांत मी त्या खणाला बोट लावलं नव्हतं. तिला तो तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "खणातला छोटा पाना घे." त्याची बायको दर शनिवारी केक पाठवायची. कडेचा कुरकुरीत तुकडा माझा असायचा. तो आता तिच्या बशीत जाऊ लागला. केकच्या तुकड्यावरून कोणा घोड्याएवढ्या माणसाचा जळफळाट होत असेल, यावर माझा आधी विश्वास बसला नसता. आयत्या बिळावर नागोबा, असं मी तिला मनातल्या मनात म्हणायचो. कामात ती वाईट असती तर मला एवढा त्रास झाला नसता.

त्या हिवाळ्यात आम्ही एका जुन्या गाडीचं रोटरी इंजिन बांधायला घेतलं. या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नसतो. तीन कोपऱ्यांचा, फुगीर बाजूंचा एक रोटर आपल्या घरात फिरत राहतो. त्याच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर खाचा असतात, त्यात पातळ सीलं बसतात आणि सीलांच्या खाली बारीक स्प्रिंगा. स्प्रिंगांनी सीलं भिंतीला नीट दाबून धरली तरच आत दाब तयार होतो. आमच्या इंजिनात असे दोन रोटर होते. मायस्टरनं ते वाटून दिले: पुढचा माझा, मागचा तिचा.

जोडताना सीलं खाचेतून निसटू नयेत म्हणून त्यांना व्हॅसलिन फासतात. तिचा रोटर शनिवारीच झाला. रविवारी मी माझा घेऊन बसलो तर डब्यात व्हॅसलिन संपलेलं. ती म्हणाली, "उद्या आणूया की दादा. आज दुकानं बंद हाईत." तिचं बरोबर होतं. रविवारी जर्मनीत साधी सुई मिळत नाही. पण सोमवारी मायस्टर येईल तेव्हा तिचा रोटर तयार आणि माझा उघडा, हे मला बघवणार नव्हतं. ती गेल्यावर मी दोन मिनिटांवरच्या माझ्या खोलीत गेलो आणि आईनं दिलेली साजूक तुपाची बरणी घेऊन आलो.

तूप चिकटतं, तूप गरम झालं की वितळतं. इंजिनिअर माणसाला आणखी काय हवं? शेडमध्ये हीटर नावालाच होता. जानेवारीत तुपाचा दगड होतो हे मी रोज भातावर चमचा आपटून पाहत होतो, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. काम संपवून मी वहीत नोंद केली. मायस्टरच्या वहीत प्रत्येक टप्पा लिहून खाली सही करावी लागायची. मी 'व्हॅसलिन' लिहिलं आणि सही ठोकली. तूप लिहिलं तर ती हसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी इंजिन चालू होईना. "आल्झो, चला, आधी बॅटरी," मायस्टर म्हणाला. "हळू फिरवलं तर चांगलं इंजिनही खोटं बोलतं." भरलेली बॅटरी जोडली, तरी तेच.

"मागचा रोटर आधी बघूया," मी म्हणालो.

तिच्या रोटरचा प्लग काढून तिथे दाबाचा मीटर लावला. रोटरला तीन बाजू, म्हणून काट्याच्या तीन उड्या. तिन्ही उंच, तिन्ही सारख्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," मायस्टर म्हणाला. मग मीटर पुढे लावला. काटा तीनदा जेमतेम हलला. माझे कान तापले.

"कोपऱ्यातलं एखादं सील तुटलं असतं तर त्याच्या दोन्हीकडच्या बाजू पडल्या असत्या," ती जर्मनमध्ये म्हणाली. "इथे तिन्ही सारख्याच कमी आहेत. तुटलेलं नाही, काहीतरी अडकलंय." टॉर्च घेऊन ती प्लगच्या भोकाशी वाकली, वास घेतला आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे न बघता हळूच मराठीत म्हणाली, "दादा, तूप लावलंय काय तुम्ही?"

मी मीटरची नळी गुंडाळू लागलो. खाई त्याला खवखवे.

ती मायस्टरकडे वळली. थंडीनं सीलं आखडली असतील, गरम करून बघूया, म्हणाली. तुपाचा उल्लेखही नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला तिचा जास्तच राग आला, कारण चांगुलपणातही ती माझ्या पुढे निघाली होती.

गरम हवेचा झोत लावला, भोकातून तेलाचे थेंब सोडले, हातानं इंजिन फिरवत राहिलो. अर्ध्या तासानं काटा उड्या मारू लागला. मग इंजिन धडधडत सुरू झालं, पांढरा धूर निघाला आणि लाडवाचं बेसन भाजायला घेतल्यासारखा वास शेडभर पसरला.

मायस्टरनं इंजिन बंद केलं. नाक वर करून बराच वेळ वास घेतला. "बुटरश्माल्झ," तो म्हणाला. जर्मन घरातलं तूपच ते. त्याची आई त्यात बटाटे परतायची. चार वर्षं त्या देशात राहून मी समजत होतो की तूप फक्त आपल्याला कळतं.

त्यानं वही उघडली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "व्हॅसलिन?"

ती खाली बघत होती. तिनं मला जागा करून दिली होती, खरं बोलायला किंवा खोटं.

"या," मी म्हणालो. म्हणजे हो.

तो वाद घालत बसला नाही. खालच्या खणातून त्यानं एक तेलकट, जुनी वही काढली, पान शोधलं आणि आमच्यासमोर धरलं. त्याच्या तरुणपणच्या अक्षरात लिहिलं होतं: रविवार, दुकानं बंद, व्हॅसलिन संपलं, बुटरश्माल्झ लावलं. खाली त्याची सही. त्याखाली त्याच्या मायस्टरनं लिहिलेलं: पुन्हा नको. आणि सही.

"तूप चालतं," तो म्हणाला. "वही खोटी असली की पुढचा माणूस भलत्याच जागी इंजिन उघडतो."

मार्चअखेर किल्ली तिला मिळाली. त्या दिवशी केकचा कडेचा तुकडा मायस्टरनं माझ्या बशीत ठेवला. मी तो खाल्ला.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी गेलो तेव्हा शेड तिनं उघडलेली होती. माझ्या टेबलावर वही त्याच पानावर उघडी होती, शेजारी पेन. ती पलीकडे पाठ करून काहीतरी घासत होती. मी 'व्हॅसलिन'वर रेघ मारली, वर 'बुटरश्माल्झ' लिहिलं आणि सही केली. दुपारी पाहिलं तर खाली तिनं लिहिलं होतं: पुन्हा नको. आणि सही.

तिचं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं होतं.