आठशेच्या पुढची आत्या

शालनआत्या गेल्याचं ज्याला ज्याला कळवलं, त्यानं पहिल्यांदा एकच विचारलं, "पाण्यात?"... नाही. आत्या सोमवारी गेली. सोमवारी आमचा महापालिकेचा तलाव साफसफाईसाठी बंद असतो. त्या दिवशी ती घरातली साचलेली कामं काढायची. त्यातलंच एक, मेथी निवडायचं, चाललेलं असताना तिच्या मेंदूतली शीर फुटली. चाळिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. मी पुण्यात होते. बाबांचा फोन आला. आयुष्यभर पानंच्या पानं लिहीत आलेला तो माणूस एवढंच म्हणाला, "मुक्ता, आपली शालन गेली गं."  आता महिना होऊन गेला. रडून झालं. लिहायला बसले तर जे जे आठवतंय त्यानं हसूच येतंय, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. आत्याला दुखवट्याच्या सुरातलं लिहिणं आवडलंच नसतं.

आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या रस्त्यावर, मळ्यातलं. झेंडू, शेवंती, बांधाकडेनं कोथिंबीर. आजोबा फुलांच्या पाट्यांबरोबर पत्रकंही बाजारात न्यायचे आणि हाराबरोबर एक पत्रक फुकट द्यायचे. बाबांनी ती रीत पुढे चालवली. पाण्याच्या पाळ्यांवर, हुंड्यावर, मुलींच्या शाळेवर, दर महिन्याला एक पत्रक. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. आणि अशा या घरात शालन नावाच्या मुलीला विहिरीत पोहायचं तर दुपारी सगळे झोपल्यावर चोरून उतरावं लागायचं. पोरीच्या जातीनं अंगावर ओली कापडं घेऊन मळ्यातून चालणं आजीला पसंत नव्हतं, आणि हुंड्यावर जळजळीत लिहिणारे आजोबा त्यावर चकार शब्द काढत नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पत्रकं घराबाहेर वाटणं सोपं असतं.

विहीर गोल होती, त्यामुळे आत्या गोल पोहायला शिकली. कायम डावीकडून. "विहिरीत वळायचं नसतं बाई," ती सांगायची, "फिरत राहायचं. दमलं की कपारीला धरायचं, नायतर नाय धरायचं." शाळेच्या खेळाच्या बाईंनी तिला पहिल्यांदा तलावावर आणलं, तेव्हा ती सरळ जाईचना. सारखी डाव्या दोरीला जाऊन धडकायची. पुढे सरळ झाली, पण डावा खांदा जरा खाली टाकून हात मारायची लकब शेवटपर्यंत राहिली. तलावाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहिलं तरी दहाजणींतून शालनआत्या ओळखू यायची.

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी ती चढत गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थेट कोरियात आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आली. आठशे मीटर फ्रीस्टाइल. तिथं ती शेवटची आली. हे ती स्वतःच सांगायची, आणि असं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला पहिल्या आलेल्या बाईची कीव यावी. "पाणी इतकं स्वच्छ, मुक्ते, की पार पलीकडच्या लेनीतलं दिसतंय. ती चिनी पोरगी दर खेपेला समोरून येताना दिसायची. एकदा तर मागून येऊन पुढं गेली. तिचे पाय काय सुंदर चालत होते. सांग बरं, दुसऱ्या नंबरवालीला तरी ते एवढं बघायला मिळालं असेल का?" लोक हसायचे. मग ती खरं दुखणं सांगायची. "माझं अंग उघडतंच मुळी आठशेला. तिथवर नुसतं इंजिन तापत असतं. आता कुठं लय लागली म्हणावं, तर शर्यत संपते."

याचं कारण साधं होतं. तलावातल्या शर्यतींत पुरुषांना पंधराशे मीटर आणि बायकांना आठशे, असा जगभरचा शिरस्ता. का, ते कुणी सांगत नसे. समुद्राच्या खाड्या पोहून गेलेल्या बायका होत्या, लाटा आणि जेलीफिश अंगावर घेऊन गेलेल्या होत्या, पण चार भिंतींच्या तलावात आठशेच्या पुढं त्यांना झेपणार नाही, असं ठरलेलं होतं. आत्याची इच्छा एवढीच होती: एकदा, फक्त एकदा, स्पर्धेत पंधराशे पोहायचं. एरवी सरावाला ती रोजच तेवढं आणि त्याहून जास्त पोहायची. पण तिला ते काठावर घड्याळवाले उभे असताना पोहायचं होतं, आणि शेवटी शालन हे नाव आणि त्यापुढं वेळ, असं छापील कागदावर बघायचं होतं.

लग्न झालं, मुलगा झाला, नाशिक रोडला बिऱ्हाड झालं. स्पर्धा सुटल्या, पाणी सुटलं नाही. तलावावर सकाळी अकरा ते बारा बायकांची बॅच सुरू झाली तेव्हा शिकवायला आत्या. तिच्या हाताखाली सुना आल्या, सासवा आल्या, शाळकरी पोरी आल्या. बोरस्तेबाई आल्या. त्या शिक्षिका. पाण्यात मान वर काढून, कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं ठेवून, बेडकासारखे पाय मारत जायच्या. निवांत. आत्यानं त्यांना फ्रीस्टाइल शिकवायचा दोन वर्षं प्रयत्न केला आणि मग हात टेकले.

नवं शतक लागलं आणि जागतिक स्पर्धेत बायकांचं पंधराशे सुरू झालं. ऑलिंपिकमध्ये ते आज, दोन हजार बारा सालीही, नाही. पण जागतिक स्पर्धेत आलं, हे आत्यानं पेपरात वाचलं आणि त्याच सकाळी, केस ओले असतानाच, आमच्याकडे स्पर्धा भरवणाऱ्या सचिवांपुढे जाऊन उभी राहिली. मी तेव्हा शाळा संपवून नुकती कॉलेजात गेले होते आणि तिच्यामागे उभी होते.

"शालनताई, तुम्ही पोहाल हो," सचिव म्हणाले. "पण बाकीच्यांचं काय? उन्हात एखादीला चक्कर आली तर घरच्यांना उत्तर कोण देणार?"

"पुरुषांना आली तर कोण देतं?"

"त्यांना येत नाही."

"मागल्या वर्षी तुमच्या पुतण्याला आली होती साहेब. मीच बाहेर काढला."

सचिव हसले, पण कार्यक्रमपत्रिका बदलली नाही. घरी येऊन मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं माझं पहिलं. 'आठशेनंतर बायकांचं काय होतं?' असा मथळा होता. त्यात मी स्वयंपाकघरापासून संसदेपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. आत्यानं ते तलावाच्या पायरीवर बसून वाचलं आणि म्हणाली, "चांगलंय. पण यात श्वास घ्यायला जागाच नाय. तीन हात मारले की तोंड बाहेर काढावं माणसानं, नायतर वाचणारा बुडतो." मी चिडले. तरी वाक्यं तोडली आणि तलावाच्या फाटकावर आठवडाभर पत्रकं वाटली. पोरींचे बाप यायचे, वाचायचे, काही घडी करून खिशात ठेवायचे. शेवटी सचिवांचा निरोप आला: निदान तीन नावं आली तर बक्षीस समारंभाच्या आधी घेऊ. मला वाटतं, तीन येणार नाहीत अशी त्यांची खात्री होती.

आत्या एक. वैशाली नावाची नाशिक रोडची शाळकरी मुलगी, आत्याचीच चेली, दोन. तिसरी सापडेना. तेव्हा बोरस्तेबाईंनी विचारलं, "फ्रीस्टाइल म्हणजे नक्की काय हो?"

"मोकळी. कसंही पोहा."

"माझ्यासारखं चालेल?"

आत्यानं नियम आठवला आणि जागच्या जागी बाईंना मिठी मारली.

शर्यतीच्या दिवशी काठावर गर्दी होती. बोरस्तेबाईंचा सगळा वर्ग आलेला. तलावावरचे जुने जीवरक्षक रंगनाथकाका पितळी घंटेजवळ उभे होते. लांबच्या शर्यतीत शेवटचे शंभर मीटर उरले की घंटा वाजवतात, म्हणजे पोहणाऱ्याला जोर लावता येतो. ते काम वर्षानुवर्षं त्यांचंच. आत्या पुढे, वैशाली तिच्या मागोमाग, आणि बोरस्तेबाई आपल्या जगात. सातशे मीटर झाले आणि रंगनाथकाकांनी घंटा वाजवली. खणखणीत. बायकांच्या शर्यतीत ती तिथंच वाजते, तशी वाजवली.

कुणाच्या काही लक्षात यायच्या आत पाण्यात उकळी फुटली. घंटा ऐकून वैशालीनं जीव खाऊन हात मारले, आत्याला गाठून आठशेला भिंत धरली आणि धापा टाकत थांबली. काठावरच्या घड्याळवाल्यांचे अंगठेही सवयीनं दाबले गेले. वैशालीचं घड्याळ बंद. आत्याचं घड्याळ बंद. मी तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांची तिची इच्छा, आणि तिची वेळ तिच्याच डोक्यावर, काठावर, थांबून गेली होती. पण आत्याला ते दिसत नव्हतं. तिनं भिंतीला पाय लावला, पाण्याखाली उलटली आणि निघाली. आठशेच्या पुढं. डावा खांदा खाली टाकून, कुठलीही घाई न करता. वैशालीनं तिचे लांब जाणारे पाय पाहिले, काठावरच्या माणसांकडे पाहिलं, आणि कुणालाही न विचारता भिंतीला रेटा देऊन ती पुन्हा सुटली. त्या क्षणी मी जे ओरडले ते काय होतं ते आता आठवत नाही. घोषणा नक्की नव्हती.

आत्यानं पंधराशे पूर्ण केलं. तिचं अंग खरंच आठशेनंतर उघडायचं, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढचे सातशे मीटर ती पाण्यावरून नाही, पाण्याबरोबर गेली. भिंत धरून तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "किती लागली?" घड्याळवाला रडवेला झाला होता. सचिव पुढे आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "शालनताई, माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून अंदाज लावता येईल. मी तेवढं लिहून देतो."

आत्या थोडा वेळ दोरीला धरून तरंगत राहिली. मग म्हणाली, "अंदाजाचं नको साहेब. अंदाजावर तर इतकी वर्षं आम्ही आठशेला थांबत होतो."

तेवढ्यात कुणीतरी पलीकडे बोट दाखवलं. बोरस्तेबाई अजून पोहत होत्या. घंटा झाली तेव्हा त्या इतक्या मागे होत्या की त्यांच्या आठशेपर्यंत सगळ्यांना चूक उमगली होती. त्यांचं घड्याळ चालू होतं. मग काय... काठावरची झाडून सगळी माणसं, सचिवांसकट, बोरस्तेबाईंच्या मागे लागली. त्यांचा वर्ग काठाकाठानं पळत "बाई, बाई" करत होता. बाईंनी मध्येच एकाला "शर्ट आत खोच" असं सांगितल्याचं मी स्वतः ऐकलंय. तासाभरानं त्यांनी भिंत धरली, कुंकू शाबूत, आणि आमच्या तलावावरच्या बायकांच्या पंधराशेची पहिली अधिकृत वेळ बोरस्तेबाईंच्या नावावर लागली. आत्या इतकी हसली की तिला पाण्याबाहेर हात देऊन काढावं लागलं.

संध्याकाळी मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. घंटेवर. आत्या म्हणाली, "लिही, पण रंगनाथकाकांचं नाव नको." काका आमच्या घरी आले होते, ओट्यावर मान खाली घालून बसले होते. "शालन, पोरी, मुद्दाम नाय गं. वीसेक वर्षं तिथंच वाजवतोय. हात आपोआप गेला." आत्यानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मी समोर कागद घेऊन बसले होते, शत्रू शोधत. त्या ओट्यावर तो मिळाला नाही. जगात जे चुकीचं चाललंय त्यातलं किती दुष्टपणानं चालतं आणि किती नुसतं हात आपोआप जाण्यानं, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला. राग तेव्हाही कमी झाला नाही, आजही नाही. फक्त तो कुठं टाकायचा हे जरा नीट बघू लागले.

पुढच्या वर्षी पत्रिकेत 'महिला, पंधराशे मीटर' छापून आलं आणि नावं आली अकरा. आत्याचं त्यात नव्हतं. खांद्यानं दगा दिला होता, डॉक्टरांनी स्पर्धा बंद केली होती. काठावर उभी राहून ती पोरींना ओरडून लय देत होती, आणि घंटेची वेळ आली तेव्हा काकांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मगच त्यांनी वाजवली. तुझी वेळ राहिलीच की गं, असं मी तिला एकदाच विचारलं. "अंतर मिळालं ना," ती म्हणाली. "वेळ बोरस्तेबाईंकडं आहे. मागितली तर देतील."

गेल्या आठवड्यात नाशिकला गेले तेव्हा बायकांच्या बॅचला जाऊन बसले. बाराला पाच कमी असताना बायका बाहेर येऊ लागल्या. आता त्यांना नवीन बाई शिकवतात, वैशाली. रंगनाथकाका निवृत्त झालेत, पण बॅच संपल्याची शिट्टी द्यायला अजून येतात, पगाराविना. बारा वाजले. बाहेर पुरुषांची बॅच फाटकाशी उभी होती आणि कुणीतरी ओरडत होतं, "काका, वेळ झाली." काकांनी शिट्टी ओठांत धरली होती. पण वाजवली नाही. ते तलावाच्या कडेनं चालत पार पलीकडच्या टोकापर्यंत गेले, एकेका लेनीत वाकून बघत. तिथं एक मुलगी, मी तिला ओळखत नाही, शांतपणे हात मारत होती.

काकांनी शिट्टी ओठांतून काढली आणि फाटकाकडे वळून म्हणाले, "थांबा जरा. एकीचं चालू आहे अजून."