डॉक्टरांना विचारलं, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय, राहतात लोकांच्या पोटात गोष्टी. पण माझ्या राहत नाहीत हो! शिरूरपासून पाटसपर्यंत कुठल्याही लॉनवर लग्न असू द्या, कारखान्यातल्या कुणाचा निवृत्तीचा सत्कार असू द्या — माइक हातात घेऊन पाहुण्यांना हसवत ठेवणारा तो जाडा माणूस मीच. बायकोचं घोरणं, माझं मूळव्याधीचं ऑपरेशन, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात म्हशीनं मला चिखलात कसं बसवलं — सगळं सांगून झालंय. लोक पोट धरून हसतात. मग हीच एक गोष्ट का राहिली?

सांगतो. जरा दमानं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, खुटबावात दिलेली. जिभेनं माझ्याहून तिखट. मला ती ‘भोंगा’ म्हणायची. एकदा तिची डावी पापणी खाली आली आणि वर जाईना. आधी गावातलं औषध, मग दौंड, मग पुणे. डोळ्याच्या मागं, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. फुटला असता तर आक्का गेलीच असती.

आता आपल्याकडं प्रत्येक घराण्यात पुण्याच्या दवाखान्याशी बोलायला एक माणूस असतो. त्याला कुणी नेमत नाही, पण असतो. ज्याचा शर्ट इस्त्रीचा, ज्याला लिफ्टची भीती नाही, जो डॉक्टरांसमोर खुर्चीवर टेकून बसतो — तो. आमच्याकडं मी. फाइल माझ्या काखेत. सही दाजींची, म्हणजे आक्काच्या नवऱ्याची, पण डॉक्टरांचं ऐकून घ्यायचं मी. आणि खरं सांगू? मला मजा यायची. आजारी आक्का आणि नाटक माझं!

मांडीतल्या शिरेतून नळी घालून डॉक्टरांनी तिच्या डोक्यात जाळीचा स्टेंट बसवला. कवटी उघडली नाही, टाका नाही. खुटबावला परतल्यावर बघायला आलेल्या सगळ्या गावासमोर मी ओसरीवर उभा राहून ते समजावलं. एका हातात सायकलची ट्यूब, दुसऱ्या हातात चहाची गाळणी. ‘ही शीर. हा तिला आलेला फुगा. आता ही गाळणी गुंडाळून नळी करा आणि ट्यूबच्या आतून फुग्याच्या तोंडावरून सरकवा. रक्त सरळ पुढं जाणार, फुग्यात वळणार नाही. आत अडकलेलं रक्त गोठणार, फुगा हळूहळू सुकणार.’ टाळ्या पडल्या. खाटेवरून आक्का म्हणाली, “माझी गाळणी दे आधी. च्या कशात गाळू?”

आणि मग मी डॉक्टरांची नक्कल केली. ते सावकाश बोलतात, प्रत्येक वाक्याआधी थांबतात. ‘हं… बघा… ही जाळी शरीराला परकी आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. आतून कातडी धरेपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या या दोन गोळ्या. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. मला विचारल्याशिवाय कुणीही बंद करायच्या नाहीत.’ बोट वर करून, अगदी त्यांच्यासारखं. लोक हसले.

हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही. त्या घरात हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

गोळ्या द्यायचं काम आक्काच्या सुनेचं, वैशालीचं. पोर कामाची. सकाळी चहाबरोबर आक्काच्या तळहातावर गोळ्या ठेवायची, तांब्या द्यायची आणि गोठ्यात जायची. तीन महिने एकही चुकली नाही.

चौथ्या महिन्यात आक्काचा दात ठणकायला लागला. दौंडचा दातांचा डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, पुण्याच्या डॉक्टरांना विचारून या, मगच दात काढतो. आक्कानं मला फोन केला. “बाळू, दात लई ठणकतोय रं. तेवढं विचार की त्यास्नी.”

विचारतो म्हणालो. लावलासुद्धा फोन. एक दाबा, दोन दाबा, मग ते संगीत. मी एका सत्काराच्या मंडपात उभा होतो, समोर खुर्च्या भरत होत्या. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी विसरलो. इतकं साधं आहे बघा — विसरलो! तिसऱ्या दिवशी आक्काचा पुन्हा फोन. “इचारलंस का न्हाई?”

आता ‘नाही’ म्हणायला काय गेलं असतं? एक शिवी बसली असती. ‘भोंग्या, गाव हसवाय येळ हाय तुला, बहिणीला न्हाई’ — एवढंच. पण मी दवाखान्याचा माणूस ना! मी घसा खाकरला, डॉक्टरांचा आवाज काढला आणि म्हणालो, “हं… बघा… पाच दिवस… गोळ्या बंद. मग दात काढा.” आक्का हसली. दुखरा गाल धरून हसली असणार.

पाच दिवस कुठून आणले? आमच्या एका पाहुण्याच्या हृदयाच्या गोळ्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी पाच दिवस बंद केल्या होत्या. तेवढं डोक्यात होतं. कानावर आलेलं मी डॉक्टरांच्या तोंडात घातलं.

इथंच थांबलो असतो तर मला आळशी म्हणता आलं असतं. बढाईखोर म्हणता आलं असतं. पण फोन ठेवायच्या आधी मी आणखी एक वाक्य बोललो. इथपर्यंत यायला मला किती वेळ लागला, बघताय ना तुम्ही? मी म्हणालो, “आणि वैशालीला सांगू नको. ती उगं पुण्याला फोन करत बसंल.”

का म्हणालो? वैशालीनं फोन केला असता तर मी विचारलंच नव्हतं हे उघडं पडलं असतं. दुसरं काही कारण नाही. हजार वेळा शोधलं, नाही.

आक्कानं माझं ऐकलं. सुनेनं दिलेल्या गोळ्या ती बटव्यात टाकत गेली. चौथ्या दिवशी सकाळी मेथी निवडत असताना तिच्या उजव्या हातातून जुडी पडली. तोंड वाकडं झालं. वैशालीच्या किंकाळीनं शेजारी धावले, जीप काढली. पुण्यात डॉक्टरांनी शीर मोकळी केली, जीव वाचवला. पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. माझ्या आक्काची वाचा! दात तेवढा तोंडात राहिला.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या चुकल्या होत्या का?” वैशाली म्हणाली, “न्हाई, मी सोता हातावर दिल्यात.” मग नर्सनं आक्काचे कपडे आणि बटवा आणून दिला. आक्काच्या मुलानं, दिगंबरनं, तो दवाखान्याच्या बाकड्यावर उघडला. सुपारीच्या खांडांत चार दिवसांच्या गोळ्या.

“तुला येक काम सांगितलं हुतं!” तो सगळ्यांसमोर बायकोवर ओरडला. “येक!”

दाजी म्हणाले, “म्होरं हुबं राहून गिळाय लावायच्या हुत्या.”

वैशाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. फाइल माझ्या काखेत होती, डॉक्टरांशी मीच बोलणार होतो, सगळे माझंच ऐकणार होते. आणि मी काय बोललो? “जाऊ दे, दिगंबर. चूक माणसाकडूनच होते.” किती मोठं मन! दिगंबरनं डोळे पुसले. दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून वैशालीनं गोळ्यांना हात लावायचा नाही, असं घरात ठरलं. आक्काला अंघोळ ती घालते, घास ती भरवते, हगणं-मुतणं ती काढते. गोळ्या मात्र दाजी देतात, आणि देताना तिला ऐकू जाईल असं म्हणतात, “ह्या आपल्याच हातानं बऱ्या.”

आक्काला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. एकदा मी गेलो असताना दाजी असंच म्हणाले आणि तिनं डाव्या हातानं खाट बडवायला सुरुवात केली. गोळ्यांच्या डब्याकडं बोट. मग वैशालीकडं बोट आणि पंजा हलवून नकार. मग माझ्याकडं बोट. पुन्हा डबा, पुन्हा वैशाली, पुन्हा मी. घशातून नुसता घोगरा आवाज. कपाळावर घाम आला तिच्या.

दिगंबर म्हणाला, “मामा, काय म्हणतीया आई? तुमालाच कळंल.”

मला कळलं होतं. लहान मुलालाही कळलं असतं. मी खाटेवर बसलो, तिचा तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला — म्हणजे दाबून धरला — आणि म्हणालो, “म्हणतीय, गोळ्या वैशालीकडं नकोत. बाळू म्हणतो तसं करा.”

आक्कानं हात सोडवून घेतला. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर मी असताना तिनं कधी बोट दाखवलं नाही.

पण घरात माझं नाव झालं. आक्काचं बोलणं मामांनाच कळतं, असं. ती कण्हली की मला फोन लावतात, तिच्या कानाशी धरतात आणि मी सांगतो काय हवंय ते. कधी बरोबर येतं, कधी नाही. कोण तपासणार?

वर्षानं पुण्यात तिच्या डोक्याचे पुन्हा फोटो काढले. फुगा पूर्ण सुकला होता. डॉक्टर खूश होते, जाळीनं तिचं काम चोख केलं म्हणाले. खुटबावात पेढे वाटले. मी चार विनोद केले.

परत निघालो तेव्हा वैशाली गाडीपर्यंत आली. हात ओले होते, पदराला पुसत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, “मामा, एक विचारू का? तुमास्नी आईंचं कळतं म्हणून विचारते. आई माझ्यावर अजून रागावल्यात का वो?”

तेव्हा सांगता आलं असतं. मोकळा रस्ता, आम्ही दोघंच, चार वाक्यांचं काम.

मी म्हणालो, “नाही गं. आक्कानं तुला कधीचंच माफ केलंय.”

ती रडली. मग रस्त्यातच वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.