शंभर चिंचोके

माझ्या वडिलांचा चिंचोक्यांवर जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या हातावर कधीच नव्हता. याचा राग मला आज, साठी उलटल्यावरही येतो.

ते कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते. संध्याकाळच्या बसने आले की बुटांवरची राख झटकायचे आणि माझ्या सतारीसमोर दोन वाट्या मांडायचे. एकीत शंभर चिंचोके. तान एकदा वाजवली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. परीक्षेसाठी बसवलेल्या त्या तानेत, वर जाताना एका जागी माझं बोट हमखास अडखळायचं. अडखळलेली तानही मोजली जायची. म्हणजे मी रोज शंभर वेळा चूकच घोटत होते आणि शेजारीपाजारी माझ्या चिकाटीचं कौतुक करत होते.

बोट दुखतं म्हणून हात आखडला की वडील म्हणायचे, "काहून थांबली वं? मी मोजून राहिलो."

परीक्षेला सहा आठवडे असताना धाकट्या बहिणीला कांजिण्या निघाल्या. घरात माता आली म्हटल्यावर फोडणी बंद, वाजवणं बंद. आईने सतारीला जुनं लुगडं गुंडाळलं. वडील चरफडले, पण मातेपुढे त्यांचं काही चालेना. बहीण आठ-दहा दिवसांत अंगणात खेळायला लागली, तरी आई तिला शेवटची कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ घालेना, आणि ती झाल्याशिवाय माता गेली असं धरत नसत, वाजवण्याची बंदीही उठत नसे. "अजून खपल्या हायेत," एवढंच म्हणायची. मला तर एकही दिसत नव्हती.

तीन आठवड्यांनी लुगडं सुटलं. पहिल्याच फेरीत तान स्वच्छ आली. पुन्हा वाजवली, पुन्हा आली. मला आनंदाने रडायला येत होतं.

"पाहिलं?" वडील आईला म्हणाले. "मोजलेलं वाया जात नाही."

"बाबा, मी तीन आठवडे वाजवलंच नाही," मी म्हटलं.

"म्हणून आता दोनशे."

हाताला विसावा मिळाला म्हणून जमलेलं काम, आणि श्रेय चिंचोक्यांना. दोनशेच्या त्या रगाड्यात आठ दिवसांत जुनी अडखळ परत आली. परीक्षकांसमोर बोट नेमकं तिथेच अडलं. मी नापास झाले. घरी येताना वडील एवढंच बोलले, "रियाज कमी पडला. उद्यापासून तीनशे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बापाला उलट बोलायची तेव्हा पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर आईने शेगडीवर तवा ठेवला आणि सगळे चिंचोके भाजले. आम्ही दोघी बहिणी ते फोडून खात बसलो. संध्याकाळी वडिलांनी रिकाम्या वाट्या पाहिल्या.

"चिंचोके कुठं गेले?"

"पोरींनी खाल्ले," आई म्हणाली आणि लुगडं घेऊन सतार गुंडाळायला बसली. "महिनाभर तिच्या हाताले आराम द्या. या खेपेले कोणी आजारी पडाची वाट नाही पाहत मी."