दिवस कुठून धरायचा

किल्लीमावशींच्या कमरेचा जुडगा वाजला की खालच्या कापड दुकानातला नोकर म्हणायचा, “आल्या. आता वर देवांची वर्दळ सुरू.” वर म्हणजे दुकानाच्या माथ्यावरचं नगरपालिकेचं जुनं सभागृह. एक लांब खोली, घडीच्या खुर्च्या, पूर्वेला चार खिडक्या, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीत फ्यूजची पेटी. तासावर ते कुणालाही मिळायचं. आणि गंमत अशी, की घेणाऱ्यांतले बहुतेक जण कुणाची तरी वाट पाहणारे निघाले.

हे मावशींच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. झाडताना, पाण्याचे जग भरताना कानावर पडेल तेवढंच त्यांचं श्रवण. बुधवारी मौलवीसाहेबांचा वर्ग असायचा. जग अन्यायानं काठोकाठ भरेल तेव्हा वाट दाखवणारे महदी येतील आणि ईसाही, म्हणजे येशूही, पुन्हा उतरतील, असं ते सांगत. गुरुवारी संध्याकाळी पाद्रीबाबांची मंडळी. त्यांचा तारणारा एकदा येऊन गेला होता आणि पुन्हा येणार होता. रविवारी सकाळी टोपीवाले आजोबा आणि त्यांचे चार यहुदी सोबती जाडजूड पोथ्या घेऊन बसत आणि कडाकडा भांडत. त्यांचा मसीहा अजून एकदाही आला नव्हता. महिन्यातून एकदा भिक्खू येत. त्यांचा मैत्रेय, म्हणजे पुढचा बुद्ध, इतक्या लांबच्या काळात यायचा होता, की मावशींनी एकदा विचारलं, “मग खुर्च्या आत्ता मांडू, की थांबू जरा?” भिक्खू इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आणि दातांची डॉक्टरीण. ती आणि तिची माणसं बहाई होती. त्यांचा महिना एकोणीस दिवसांचा, त्यामुळे त्यांचा वार दर खेपेला पुढे सरकायचा आणि मावशींच्या डोक्याला ताप व्हायचा. पण भाडेकऱ्यांत एवढे एकच होते, जे म्हणत होते की येणारा येऊन गेला.

“म्हणजे तुम्ही कुणाची वाट नाही बघत?” मावशींनी विचारलं होतं.

“सध्या तरी नाही, मावशी. सध्या काम आहे,” डॉक्टरीण म्हणाली होती आणि स्वतःच खुर्च्या उलगडायला लागली होती.

मावशींना ते जरा लागलं होतं, कारण त्या स्वतः वाट पाहणाऱ्यांपैकी होत्या. नवरा ट्रक चालवायचा. एका पहाटे पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून “येतो” म्हणाला आणि गेला. आपल्यात जाणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला वचन म्हणायचं की नुसती बोलायची रीत, यावर घरात कधीच एकमत झालं नाही. सासूबाई म्हणत, वचन. माझा मुलगा गेला तसाच येईल, त्याच निळ्या शर्टात. दीर म्हणत, घर पहिल्यासारखं नीट चाललं तर येईल. कोर्टानं म्हटलं, एवढी वर्षं पत्ता नाही, आता मेला असं धरा; आणि तसा कागद दिला. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिची जीभ बापावर गेली होती.

“आई, तुझा येणारा कधीचा आलाय. तो सभागृहातले पंखे दुरुस्त करतो.”

“थोबाड आवर,” मावशी म्हणत.

पंखे दुरुस्त करणारा वायरमन विधुर होता. कमी बोलायचा आणि बोलायचा तेव्हा शिडीवरून. मुलीच्या परीक्षेच्या वेळी घरातले दिवे गेले, तर हा रात्रभर व्हरांड्यात बॅटरी घेऊन बसला होता. सासूबाई पडल्या तेव्हा त्यांना पाठुंगळीला घेऊन यानंच दवाखाना गाठला होता. आणि आता त्याच्या बहिणीनं त्याला आपल्या गावी कायमचं बोलावलं होतं. तो मावशींना म्हणाला, “बाई, एकदाच विचारतो. तुम्ही हो म्हणालात तर राहीन. नाहीतर शुक्रवारच्या गाडीनं जाईन. राग नाही.” मावशींनी उत्तर दिलं नव्हतं. हो म्हणावं तर वाट पाहणं सोडल्यासारखं होतं, आणि वाट पाहणं हाच इतकी वर्षं त्यांचा संसार होता.

गाडीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, घोटाळा झाला. पाद्रीबाबांची मंडळी बसली होती आणि जिन्यावरून डॉक्टरीण आपल्या माणसांना घेऊन वर आली.

“अहो, तुमचं उद्या!” मावशी ओरडल्याच. “शुक्रवार म्हणाला होतात.”

“हो, शुक्रवारच. पण आमचा शुक्रवार आज सूर्य मावळला की सुरू होतो.” डॉक्टरिणीनं कपाळावर हात मारला. “दर वेळी मी ‘आदल्या संध्याकाळी’ म्हणते. या वेळी राहिलं.”

“असा कुठं दिवस असतो? संध्याकाळी सुरू होणारा?”

“असतो की,” मागून आवाज आला. टोपीवाले आजोबा रविवारी विसरलेला चष्मा न्यायला आले होते. “आमचाही तसाच. मौलवीसाहेबांना विचारा, त्यांचाही. आधी अंधार, मग उजेड. सकाळी उठून दिवस सुरू झाला म्हणणं सोपं आहे हो. अंधार पडताना म्हणायला छाती लागते.”

मावशी झाडू धरून तशाच उभ्या राहिल्या. दिवस कुठून धरायचा, हा प्रश्न असू शकतो, हेच त्यांना आजवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात फ्यूज गेला. पाद्रीबाबा म्हणाले, “आता परत कुठं पाठवता त्यांना? बसू सगळे.” खुर्च्या सरकल्या. वायरमनला निरोप गेला. तो आला, शिडीवर चढला आणि वरून बोलला, तेव्हा सगळ्यांना वाटलं तो फ्यूजबद्दल काही म्हणतोय.

“एक विचारू का? तुम्ही सगळे ज्याची वाट बघता, तो आला तर ओळखणार कसा?”

कुणीतरी खुदकन हसलं.

“सोपं आहे,” आजोबा म्हणाले. “लढाया थांबतील. थांबल्या नाहीत, तर आला नाही.”

“ओळखावं लागणारच नाही,” पाद्रीबाबा हळू आवाजात म्हणाले. “आभाळ उजळेल. पहिल्या खेपेला तो गरिबाघरी आला, लोकांनी ओळखलं नाही. या खेपेला प्रत्येक डोळ्याला दिसेल.”

डॉक्टरीण पुढे सरकली. “आमचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे. गेल्याच्या मागच्या शतकात तो आला, बहाउल्ला. त्याला तुरुंगात घातलं, या देशातून त्या देशात हाकललं. लोक आभाळाकडे बघत होते आणि तो रस्त्यानं चालत गेला. तो फक्त आमचा नाही, असं आम्ही मानतो. तुम्ही ज्याची वाट बघता, हे ज्याची बघतात, तो तोच.”

“हे मला मान्य होणार नाही हं,” पाद्रीबाबा म्हणाले, पण खुर्ची जवळ ओढून म्हणाले.

“आणि लढाया?” आजोबा.

“पेरलं त्याच दिवशी कापणी होते का, आजोबा?”

“उत्तर छान आहे. पटलं नाही.” आजोबांनी चष्मा पुसला. “पण तुझ्याशी वाद घालणं अवघड. समोरच्यानं तोंड उघडलं की तू दात मोजतेस.”

हशा ओसरल्यावर मावशींनी तोंड उघडलं. “पण नाव वेगळं, मुलूख वेगळा, चेहरा वेगळा. मग तोच कसा?”

“तुम्ही पहाटे इथं येता ना? थंडीत सूर्य कुठून वर येतो?”

“टाकीच्या उजवीकडून.”

“आणि उन्हाळ्यात?”

“पार शाळेच्या गच्चीवरून. चौथी खिडकी.”

“सूर्य किती आहेत?”

मावशींची नजर पूर्वेच्या खिडक्यांकडे गेली. इतकी वर्षं त्यांनी त्या खिडक्यांच्या काचा पुसल्या होत्या. आता अंधुक प्रकाशात समोर ओळीनं चेहरे दिसत होते. एकमेकांचं न पटलेले, तरी उठून न गेलेले. कुणाचं खरं, हे ठरवायची त्यांची पोच नव्हती, आणि त्या क्षणी तशी गरजही वाटली नाही. एवढी माणसं, एवढी शतकं, दाराकडे कान देऊन बसली होती. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, दार हे नव्हे, ते. पण कुणीतरी येतं यावर कुणाचाच वाद नव्हता.

दिवा लागला. लोक डोळे चोळत हसले. वायरमन शिडी मिटू लागला.

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा काही तो नव्हे, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. नवरा तो नवरा, वायरमन तो वायरमन. देवाधर्माची गोष्ट घेऊन आपल्या घरगुती कपाळावर चिकटवू नये. त्यांच्या मनात घर केलं ते आजोबांच्या बोलण्यानं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तिथं त्यांनी दिवस संपला असं धरलं होतं. तिथून मोजायला सुरुवात करायची असते, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

“वायरमन, सकाळी तुमच्या दुकानात असाल ना? गाडीआधी?”

“असेन,” तो म्हणाला. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

घरी सासूबाई नेहमीसारख्या रस्त्याकडच्या खिडकीशी बसल्या होत्या. मावशी त्यांच्या पायाशी टेकल्या.

“आई, मी वायरमनला हो म्हणू का?”

“अजून म्हणाली नाहीस? मला वाटलं, कधीच म्हणालीस आणि माझ्यापासून लपवतेस.”

“तुमच्या मुलाची वाट बघणं सोडलं, असं होईल ते.”

“तू सोड. मी आहे ना. एका घरात त्या कामाला दोघी कशाला हव्यात?”

“आणि ते आले तर?”

“आला तर मी दार उघडीन. पोटभर जेवायला घालीन आणि मग चांगली खरडपट्टी काढीन. मी आई आहे. आईला उशीर चालतो. बायकोला का चालावा?” म्हातारीनं सुनेच्या डोक्यावर टपली मारली. “आणि सकाळ कशाला? आत्ता जा. गाडी गाठायची असली की माणसं पहाटेच निघतात.”

मावशी उठल्या. सासूबाईंनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवून घेतली होती आणि त्या रस्ता न्याहाळत होत्या. कुणावर राग नव्हता, घाईही नव्हती. तो निळ्या शर्टातच येणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वर सभागृहात पाहिलेल्या साऱ्या चेहऱ्यांवरचं तेज इथं, आपल्याच घरात, रोज संध्याकाळी बसलेलं असतं आणि आपण त्याच्या मागून केर काढत जातो, हे मावशींना त्या घटकेला दिसलं. घरातल्या दिव्याचा उजेड दारातून रस्त्यावर पडत होता; त्या दारात उभ्या राहून बघतच राहिल्या.

“जा की गं,” सासूबाई मान न वळवता म्हणाल्या. “उजेड अडवू नकोस. मला रस्ता दिसत नाही.”