गाळातलं घर

माझी नात अमेरिकेत सातवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सावेडीला माझ्याकडे आली, ती शाळेचं काम बरोबर घेऊनच. शाळा उघडल्यावर वर्गासमोर उभं राहून सांगायचं होतं, आपल्या वयाच्या मुलांनी अमेरिकेच्या इतिहासात काय शिकायलाच हवं.

मी जन्मभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे माझी कळी खुलली. पण समुद्रात फेकलेला चहा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, गुलामगिरी, सगळं तिला आधीच पाठ होतं. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"आजी, आमच्या शाळेच्या जागेवर आधी दुसरे लोक राहायचे. त्यांना तिथून हाकललं. ते सांगू का?"

"सांग की," मी म्हटलं. रात्री फोनवर तिच्या वडिलांना, माझ्या मुलाला हे कळलं, तसा त्याने लगेच मोडता घातला. "आई, आपण तिथे बाहेरून आलेलो. सगळे पालक ऐकायला येणार. तिला कशाला नसत्या भानगडीत पाडतेस?"

माझं डोकंच फिरलं. घाबरट कुठला! पण राहायचं तिथे त्यांना होतं, मला नाही. मी फोन ठेवून दिला. पोरीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शेवगावकडे भावाच्या घरी गेले. मी शाळेत होते तेव्हाच आमचं गाव धरणात गेलं आणि नवं गाव वर माळावर वसलं. पाऊस लांबला की पाणी मागे हटतं, जुने चौथरे उघडे पडतात. भाऊ दरवर्षी तिथे जाऊन नारळ फोडतो. या वेळी आम्हीही बरोबर गेलो. भेगाळलेला गाळ आणि चार दगड, बाकी काही नव्हतं. दगडांपाशी भावाने चपला काढल्या. नात तशीच पुढे निघाली.

"ए बाय, बूट भाईर काढ. घर हाय ना आपलं."

दरवर्षी तो हे करतो आणि दरवर्षी मी त्याला वेड्यात काढते. नातीने मात्र निमूट बूट काढले आणि तापलेल्या गाळावर पाय उचलत आत गेली.

"मामाआजोबा, चूल कुठे होती?"

"ह्या अंगाला. तुझी आजी हितंच बसून भाकर खायची. गाव सोडताना लई रडली हुती."

मी विसरले होते ते. पदर तोंडाला लावून मी तिथेच उभी राहिले.

शाळा उघडल्यावर एकदा मुलाचा फोन आला. "आई, आज वर्गासमोर बोलायचा तिचा नंबर होता. बोलायच्या आधी ती बूट काढून दाराबाहेर ठेवून आली. बाईंनी विचारलं, हे काय? तर म्हणाली, इथे आधी दुसऱ्यांचं घर होतं, आम्हाला सगळ्यात पहिलं हे शिकवा."

"वर्ग हसला असेल."

"हसला थोडा."

"आणि तू?"



"मी मागे बसलो होतो. मीही काढले."