धोट्यातलं सिमकार्ड

मुंबईतल्या चारकोपच्या गुणाजी परबांचा एक हट्ट होता: राबलेली वस्तू टाकायची नाही. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी घरी आणलेला मागावरचा लाकडी धोटा अजून देव्हाऱ्यात गणपतीशेजारी आहे आणि त्यालाही रोज हळदकुंकू लागतं. स्वतः गुणाजींनी अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं, आणि निवृत्त होताना झिजलेलं एक टूल मागून आणलं. तेही देव्हाऱ्यात. बायको म्हणायची, "तुमचा काय सांगूचा, एक दिवस माका पण थयच बसयशात." ती गेली, आणि आता तिचा फोटो खरंच तिथे आहे.

गावी त्यांची धाकटी बहीण जानकी एकटी राहते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, शाळेत तर कुणी घातलंच नाही. पण लहानपणी या भावंडांनी हातांची एक भाषा तयार केली, ती अजून चालते. त्या भाषेत घरच्या प्रत्येकाला नाव आहे. कानाची पाळी धरली की गुणाजी, कारण आई सारखा त्यांचा कान पिळायची. गालाला बोट लावलं की त्यांचा खळीवाला मुलगा हर्षद. बाहेरच्यांना मात्र नाव नाही. सरपंच असो की डॉक्टर, सगळ्यांना मिळून एकच खूण: अंगणाबाहेर झटकलेला हात. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावून दोघं तासभर हातवारे करत भांडत. त्याशिवाय गुणाजींना जेवण जात नसे.

मग फोन पडला बादलीत. हर्षद नाशिकहून आला, नवा फोन आणि स्वस्त पडतं म्हणून नव्या नंबराचं सिम घालून देऊन गेला. जुनं सिम इतकी वर्षं राबलेलं. गुणाजींनी त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि धोट्याच्या पोकळीत ठेवून दिलं.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपनं नंबर विचारला. त्यांना पाठ असलेला एकच, जुना. तो घातला. एसएमएसनं कोड पाठवलाय, असं स्क्रीनवर आलं, पण कोड काही येईना. पुन्हा मागवला, पुन्हा तेच. मग चिडून मनानेच आकडे दाबले, तेव्हा फार वेळा प्रयत्न झालेत, आता थांबा, असं उत्तर मिळालं. हर्षदला विचारलं तर तो म्हणाला, "नवीन नंबर टाका ना बाबा, सोप्पंय." सोपं कसलं! अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे जानकीला गुणाजींनीच बजावलं होतं, आणि ती भावापेक्षा हट्टी.

असेच आकडे दाबण्यात दोन संध्याकाळी कोरड्या गेल्या. सकाळी गावाहून शेजारच्या रतनवहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, त्याचा जानकीला काय उपयोग? "भावजी, जानकी धड जेवूक नाय. फोन मांडयेर घेवन बसली हा. कान धरता नि इचारता, तुम्ही गेलास की काय म्हणान. बरे आसत म्हणान सांगलंय, तर विश्वास नाय."

विश्वास कसा बसणार? आई गेली तेव्हाही सगळ्यांनी जानकीला 'सगळं बरं आहे' असंच खुणावलं होतं, थेट मुंबईहून आईचा देह घरी आणेपर्यंत.

गुणाजी तडक तळमजल्यावरच्या क्षमा दातारच्या दारात गेले. बँकेतली बाई, बोलायला फटकळ. गणपतीच्या वर्गणीखेरीज त्यांनी तिची बेल कधी वाजवली नव्हती. क्षमा बाहेर आली ती चष्मा शोधतच. तो कपाळावर होता.

"काका, कोड कुठल्या नंबरवर जातोय?"

"माझ्याच की."

"हा जुना ना? ते सिम या फोनात आहे का?" गुणाजींनी नकारार्थी मान हलवली. "वाट लागली! फेकलंत की काय?"

"फेकतलंय कित्याक? देवाकडे आसा."

क्षमा एवढी हसली की चष्मा नाकावर घसरला. पण जिने चढून ती वर आली. चप्पल दाराबाहेर काढली, देवाला हात जोडले, मगच धोट्यातलं सिम उचललं. चष्मा पुन्हा कपाळावर चढवून कुंकू ओढणीनं पुसलं, कानातलं काढून त्याच्या टोकानं फोनचा ट्रे उघडला आणि रिकाम्या दुसऱ्या जागेत ते बसवलं. "आता काही दाबायचं नाही, कळलं? वेळ संपू दे." चहा होईपर्यंत वेळ संपली, आणि नव्यानं मागवलेला कोड टणकन आला.

कॉल लावला, तर मांडीवरचा फोन थरथरताच जानकीनं उचलला. भाऊ दिसताच तिनं स्वतःचा कान धरला आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून अशी काही हात नाचवत सुटली की गुणाजींना हातानं उत्तर द्यायलाही सवड मिळेना. ते आपले हसत होते, रडतही होते.

शेवटी त्यांनी क्षमाला जवळ ओढलं, आणि ही आली म्हणून आपण भेटलो, असं हातांनी सांगितलं. जानकी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं केली आणि आपल्या कपाळावर चढवली.

"काय म्हणतायत?" क्षमानं विचारलं.

या पोरीचे उपकार कसे फेडायचे, हे गुणाजींना सुचत नव्हतं, आणि बहिणीनं तिकडून ते काम करूनही टाकलं होतं.

"तिना तुका नाव दिल्यान गो," ते म्हणाले. "आता तू घरातली."