आक्काची ममई

"ममईला चालले न्हवं? मंग बसा. आदी काय काय बगायचं ते आयका, मंग जा."

हे म्हणताना ती तव्यावरची भाकरी उलथायची आणि त्याच उलथण्याने नगरच्या वाटेकडे दाखवायची, जणू मुंबई त्या बाभळींच्या पलीकडेच सुरू होते. वाटसरू घाईत असला तरी बसायचा. भाकरी तिच्या हातात होती ना.

कडा गावाच्या पुढे, जिथे निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू व्हायचा, तिथे आमचा करोडगिरीचा नाका होता. मी तिथला मुनशी. बीडकडून नगरच्या रेल्वेला जाणाऱ्या गाड्या माझ्यासमोर थांबायच्या, लोकांनी गाठोडी सोडायची, मी जकात लावायची आणि त्यांनी मनातल्या मनात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, अशी ती नोकरी. ऊन, फुफाटा, बैलांची घाई आणि दिवसभर "मुनशीजी, आटपा की लवकर". तुम्ही कधी नाक्यावर बसला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. बसला नसाल तर सुखी आहात.

नाक्यासमोरच्या लिंबाखाली आक्काची चूल होती. सगळे तिला आक्काच म्हणत, मीही म्हणायचो. अंगाने वाळकी, आवाज खोल, कपाळावर मात्र रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. त्या कुंकवावरूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

तिचा नवरा मुंबईच्या गोदीत पोती उचलायला गेला होता. वर्षभराने एकदा आला, आणि घरी राहिला तेवढे दिवस त्याने तिला मुंबई सांगितली. बाकी काही सांगितलंच नाही म्हणे. "फुडल्या खेपेला तुला नेतो आन् समदं दावतो," असं म्हणून गेला तो गेला. ना निरोप, ना चिठ्ठी, ना कोणाच्या तोंडी खबर. काही दिवस तिने घरी वाट पाहिली. मग म्हणाली, आला तर ह्याच वाटेनं येणार, आणि चूल घेऊन नाक्यावर येऊन बसली.

मुंबई तिने पाहिली नव्हती, पण नवऱ्याने सांगितलेली सगळी तिला पाठ होती. "पयली राणीची बाग. तितं वाघ हाय, पर वाघापाशी टाइम घालवू नगा, त्यो दिसभर झोपतो. हत्तीपाशी उबं ऱ्हावा. मंग राजाबाईचा मनोरा. टोले पडस्तवर हलायचं न्हाई. मंग मुंबादेवीला नारळ. सांजच्याला अपोलो बंदर, तितं आगबोटी दिसत्यात. आन् कुलाब्याची दांडी, तिचा दिवा फिरतो." एवढं झालं की जरा थांबायची. "आन् समद्या ठिकानी नजर ठिवा. आमचे मालक दिसत्यात का बगा. उंच हायती. डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाची खून हाय."

परत येणाऱ्याला ती पाणी देण्याच्या आधी एकच विचारायची, "दिसले का?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "आक्का, गोदीत मरमर काम करणारा माणूस बागेत हत्ती बघत उभा राहील का? तो दिसायचा तर गोदीत दिसेल."

"गोदीत कोन सोडतंय ह्या वाटसरूंस्नी?" ती म्हणाली. "आन् मुनशीजी, तुमच्या कड्यात कुनीबी आसू द्या, दिसातनं येकदा तरी वेशीतनं जातंय का न्हाई?"

"जातं."

"मंग ममईची वेस तीच की. बाग, मनोरा आन् बंदर."

आता यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच मुंबई म्हणजे एक मोठं कडा गावच वाटायचं. थोडी जास्त घरं आणि बाजूला समुद्र. तिथे कुठेतरी नीट उभं राहिलं की हवा तो माणूस समोरून येणारच, यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

वर्षं जात राहिली. आणि एक दिवस आक्काचा दीर गावच्या जोशीबुवांना घेऊन नाक्यावर आला.

आमच्याकडे रीत अशी की एक तप, म्हणजे बारा वर्षं, माणसाची काहीच खबर लागली नाही तर तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, दहावं-तेरावं उरकतात. त्या दिवशी बायकोचं कुंकू पुसलं जातं आणि बांगड्या फुटतात. तप भरत आलं होतं. दीर काही वाईट माणूस नव्हता. भावाच्या नावामुळे शेताची वाटणी अडली होती, पोरं मोठी झाली होती, आणि पटवारी दर खेपेला एकच विचारायचा की भाऊ आहे की नाही ते आधी सांग. त्याला सांगता येत नव्हतं. तोही बिचारा कंटाळला होता.

"येत्या आवसंला उरकून घ्यावं म्हन्तो, वैनी," तो मान खाली घालून म्हणाला.

आक्का पीठ मळत राहिली. तेवढ्यात नगरच्या रेल्वेवरून मुंबईची माणसं आणणारी एक धमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, नाक्यावर थांबली. आत दिंद्रुडचा एक व्यापारी होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मापात कधी मारणार नाही असा त्याचा लौकिक. आक्काने सवयीने तांब्या उचलला आणि विचारलं, "दिसले का?"

व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग दिराकडे, मग जोशीबुवांच्या मांडीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. ही रीत वाटेवरच्या सगळ्यांना ठाऊक होती, त्याला काय चाललंय ते विचारावं लागलं नाही.

"दिसले," तो म्हणाला.

"कुठे?" जोशीबुवांनी विचारलं.

"अपोलो बंदरावर. आगबोट बगत उबे व्हते. भुवईवर खून व्हती, डाव्या."

"बोलला का दादा?" दीर उठून उभाच राहिला.

"गर्दी लई व्हती. हाक मारस्तवर निगून गेले."

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. "खबर आली. आता विधी करता यायचा नाही. तप आजपासून पुन्हा मोजायचं," म्हणाले आणि पागोटं सारखं करून निघाले. व्यापारी भाकरी खायला बसला, पण जेवताना त्याचा डावा हात सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगावरच होता. त्याने आक्काकडे एकदाही वर पाहिलं नाही.

झालं. त्या दिवसापासून वाटेवरच्या सगळ्यांना आक्काच्या नवऱ्याचं दर्शन व्हायला लागलं. कोणी कोणाला शिकवलं नाही हो. मुंबईला जाऊन आलेला माणूस नाक्याजवळ आला की आपणहूनच सांगायचा. एकाच पंधरवड्यात आक्काचे मालक राणीच्या बागेत चांगले अंगाने भरले होते आणि मुंबादेवीपाशी वाळून काटकी झाले होते. उमापूरच्या एकाला ते मनोऱ्याखाली मिशांना पीळ देताना दिसले.

"मिशा?" आक्का म्हणाली. "त्यास्नी मिशा कदी न्हवत्या."

"ठिवल्या आसतील आता," तो घास घेत म्हणाला. "ममईत ठिवत्यात."

दीर अधूनमधून यायचा आणि हे ऐकून कपाळाला हात लावायचा. "येवड्या ममईत आमच्या दादाबिगर दुसरं मानूसच न्हाई का बे?" तो गाडीवानाला विचारायचा. गाडीवान बैलांची वेसण बघायला निघून जायचा.

मला वाटायचं आक्का खूश असेल. कुंकू राहिलं, आणखी काय पाहिजे? एका दुपारी, गाड्या नव्हत्या तेव्हा, ती माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. एरवी ती चूल सोडून कधी उठायची नाही.

"मुनशीजी, म्या थकले," ती म्हणाली.

मी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"ह्ये समदे खोटं बोलत्यात, मला कळत न्हाई व्हय? माज्या हातची भाकर खात्यात आन् माज्या तोंडाकडं बगत न्हाईत. राग बी येत न्हाई, त्यांचीच कीव येती. पर मी काय करू सांगा. मेले आसतील तर मला रडू द्या. जित्ते आसतील तर मला भांडू द्या त्यांच्यासंगं. ना रडता येतंय, ना भांडता. येवडी वर्सं म्या नुस्तं कुकू लावतीया."

  मी म्हणालो, "ऊन फार झालं आज." ती म्हणाली, "व्हय," आणि चुलीकडे गेली.

शेवटी दिराची सहनशक्ती संपली. "मीच जातो. माज्या डोळ्यानं बगतो," म्हणून तो निघाला. आक्काने त्यालाही बसवलं, भाकरी वाढली आणि बाग, हत्ती, मनोरा, देवी, बंदर, दांडी सगळं सांगितलं. तो निमूट ऐकत होता. शेवटी खूण सांगायला लागली तेव्हा तो म्हणाला, "वैनी, भाऊ हाय माजा."

"व्हय की," ती म्हणाली. "इसरलेच."

तो परत आला तेव्हा पाय सुजलेले होते, चेहरा काळवंडला होता. गाडीतून उतरून लिंबाच्या बुडाशी बसला तो मांड्यांवर हात टाकून. मी जकातीचं काम सोडून उठलो. गाडीवानही बैल न सोडता तसाच उभा राहिला.

"दिसले का?" आक्काने विचारलं.

"न्हाई."

किती वर्षांनी हा शब्द त्या लिंबाखाली ऐकू आला होता. आक्काने तांब्या त्याच्या हातात दिला. "बरं झालं, भावजी. येकजन तरी खरं बोलला."

तो पाणी प्यायला.  मग म्हणाला, "पर वैनी, ममई लई मोठी हाय वो. तुमी सांगितलं तितं समद्या ठिकानी गेलतो. हत्तीपाशी येक अख्खा दिस बसलो. हितं आपल्या बाजाराला येतंय तेवडं मानूस तितं येका घटकंत जातंय, आन् दुसऱ्या घटकंत दुसरंच. मला दादा दिसला न्हाई. पर त्यो तितं न्हाईच, आसं माज्याच्यानं सांगवत न्हाई. पळसाचं मानूस जाळायला माजा हात धजायचा न्हाई आता."

पटवाऱ्याकडचं काय, वाटणीचं काय, हे तो बोललाच नाही. आक्काने चूल विझवली. दिवस अजून वर होता, तरी विझवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं घेऊन आली. नगरला जाणाऱ्या पहिल्या धमणीत जागा होती.

"कुठं निघालात?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"इतकी वर्सं दुसऱ्याच्या डोळ्यानं बगितलं. आता मीच बगते."

मग गंमत पाहा. नाक्यावरचे सगळे तिच्याभोवती जमून तिला सांगायला लागले. आक्का, आधी बाग, आक्का, मनोऱ्याचे टोले, आक्का, बंदरावर सांजच्यालाच जावा. मीही काहीतरी सांगितलं असेल. ती ऐकून घेत राहिली, मग धमणीत चढताना म्हणाली, "मला नगा शिकवू. म्या पाठ केलीया ममई." कपाळावरचं कुंकू त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं होतं. दिराने तिचं गाठोडं आत सरकवलं आणि धमणी दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यातच उभा होता.

ती परत आली नाही.

पुढे काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कानावर यायचं. एकाने सांगितलं, आक्का राणीच्या बागेत हत्तीपाशी शेंगा विकते. दुसरा म्हणाला, बंदरावर गावाकडच्या माणसांना गाठून सांगत असते की आधी काय बघा आणि मग काय. हे मात्र मला खरं वाटलं, कारण ते अगदी तिच्यासारखं होतं. पण मी हा रस्ता आणि ही माणसं ओळखून आहे. तिच्या हातची भाकरी खाल्लेला एकही जण मला "न्हाई" म्हणाला नसता. मग तेही हळूहळू थांबलं. लिंबाखाली चुलीचे तीन दगड राहिले. त्यावर गाडीवान बसायचे. मी कोणाला उठवलं नाही, पण बरं वाटायचं नाही.

दीर मात्र येत राहिला. आता केस पांढरे झाले होते, शेत तसंच अडलेलं होतं. यायचा, दगडाशेजारी बसायचा, पायांतली जोडी काढून धूळ झटकायचा. मला विचारायला तो फार वेळ घ्यायचा.

"मुनशीजी, वैनीचं काई कळलं?"

शेवटचा आला त्या खेपेला आक्काचंही तप भरत आलं होतं, आणि कितीतरी दिवसांत मुंबईहून कोणी आलेलं नव्हतं. पावसाने वाट मोडली होती आणि नाका ओस पडला होता.

"दिसल्या," मी म्हणालो.

"कुटं?"

"हत्तीपाशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लेखणीचं टोक बघत राहिलो. मग त्याने जोडी पायांत घातली, पटका सारखा केला आणि उठला.

"जोशीबुवास्नी सांगून येतो मंग," तो म्हणाला आणि गावाच्या वाटेला लागला.